ब्रिटनच्या संस्कृतिमंत्र्यांना खुलं पत्र: पुतळ्याचा निर्णय गावाला घेऊ द्या

माननीय संस्कृतिमंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

सादर नमस्कार.

मी मूळची गिरगावची. वीसहून अधिक वर्षं ब्रिस्टॉलमध्ये राहते, इथल्या एका रुग्णालयात नोकरी करते, इथेच कर भरते, मत देते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. पण लिहिलं आधी मराठीत. पुतळा हलवला म्हणजे इतिहास पुसला, असं आपलं खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ते खरं नाही हे मला मुंबईत लहानपणीच कळलं होतं, आणि ते त्याच भाषेत नीट सांगता येईल असं वाटलं.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना शहराच्या मध्यभागी एडवर्ड कोल्स्टनच्या पुतळ्यापाशी थांबली होती. काठीवर रेललेला, विचारात गढलेला, ब्राँझचा माणूस. चौथऱ्यावरची पाटी तिने मोठ्याने वाचली. शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्रांपैकी एक, अशा अर्थाची ती पाटी होती. "आई, यांनी काय केलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, शाळा काढल्या, गरिबांसाठी निवारे बांधले, खूप दानधर्म केला. पाटीवरून आणि ऐकीव माहितीवरून मला तेवढंच ठाऊक होतं.

कोल्स्टन 1680 मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीत आला आणि पुढे तिचा उपगव्हर्नर झाला, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. त्याच्या सहभागाच्या काळात या कंपनीने सुमारे 84,000 आफ्रिकी माणसं, बायका आणि मुलं जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली. त्यातली सुमारे 19,000 वाटेतच मेली. माणसांच्या छातीवर कंपनीची अक्षरं तापल्या लोखंडाने डागत. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी माझ्या लेकीला चुकीचं सांगितलं होतं, आणि ते सांगायला भररस्त्यात उभ्या असलेल्या एका सरकारमान्य पाटीने मला मदत केली होती.

त्याने दान केलं हे खरंच आहे. (तेही अटी घालून, स्वतःचा धर्मपंथ न मानणाऱ्यांना वगळून.) आमच्याकडे वाल्याची गोष्ट सांगतात. वाटसरूंना लुटून तो घर पोसत होता. नारदाने त्याला घरी पाठवलं, विचारून ये म्हणाला, या पापात तुमचाही वाटा आहे ना? बायकापोरांनी साफ नकार दिला. लुटीत वाटेकरी सगळे, पापात कुणीच नाही. ब्रिस्टॉलचा तो चौथरा पाहिला की मला त्या घराचीच आठवण येई.

आणि तो पुतळा कोल्स्टनच्या काळातला नव्हता. तो मेला 1721 मध्ये, पुतळा बसला 1895 मध्ये. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी बंद करणारा कायदा होऊनही तोवर साठ वर्षं उलटली होती. म्हणजे हा व्यापार काय होता हे पुतळा उभारणाऱ्यांना कळत होतं. कुणाचं कौतुक करायचं, हे त्यांनी ठरवलं. त्यांच्या पणतवंडांनाही तेच ठरवायचा हक्क असायला हवा की नाही?

आपल्या खात्याने ऑक्टोबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा, की वादग्रस्त पुतळा जागेवर ठेवा आणि शेजारी त्याची माहिती द्या. ऐकायला समंजस वाटतं. पण मंत्रीमहोदय, ब्रिस्टॉलने हेच करून पाहिलं होतं. 2018 मध्ये दुसऱ्या पाटीचा प्रस्ताव आला. मग शब्दांवरून ओढाताण सुरू झाली. गुलाम केलेल्या मुलांचा उल्लेख किती ठेवायचा, दानधर्म आधी घ्यायचा की नंतर, कोणतं विशेषण बोचेल. प्रत्येक फेरीत मजकूर आणखी मवाळ होत गेला. शेवटी मार्च 2019 मध्ये महापौर मार्विन रीस यांनी तो नाकारला. त्यांचे वडील जमैकाचे. तसा मजकूर त्यांनी शहराच्या नावाने लावायचा तरी कसा? पाटी लागलीच नाही. हजारो सह्यांचे अर्ज झाले होते, सभा झाल्या होत्या, लेख लिहून झाले होते. कोल्स्टन जागचा हलला नाही.

मग 7 जून 2020 उजाडला. त्या दिवशी मी कामावर होते, फोनवर पाहिलं. निदर्शकांनी दोर लावून पुतळा पाडला, लोटत नेऊन बंदरात ढकलला. मला भीती वाटली, हे कबूल करते. जमावाने काही पाडलं की मुंबईत वाढलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण जिथे तो पाण्यात पडला, तिथे शेजारीच पेरोज ब्रिज आहे. पेरो बारा वर्षांचा असताना नेव्हिस बेटावर विकला गेला आणि पुढे मालकाबरोबर ब्रिस्टॉलला आणला गेला. त्याच्या नावाचा हा पूल 1999 मध्ये झाला. लोकांचं सांगणं सनदशीर मार्गाने ऐकलं गेलं असतं, तर त्या दिवशी दोराची गरज पडली नसती, असं मला अजूनही वाटतं.

पुढचं सगळं शहराने नीट केलं. पुतळा चार दिवसांत बाहेर काढला, अंगावरच्या रंगासकट जपला. इतिहास आयोगाने लोकांना विचारलं, सुमारे 14,000 जणांनी उत्तरं दिली, आणि ब्रिस्टॉलच्या दर पाचांतल्या चौघांनी सांगितलं, तो संग्रहालयात ठेवा. आज तो शहराच्या एम शेड संग्रहालयात पाठीवर आडवा पडला आहे. शाळेची मुलं येतात, त्याच्याभोवती उभी राहून प्रश्न विचारतात. सव्वाशे वर्षं उभा असताना जेवढं शिकवलं नाही, तेवढं तो आता आडवा पडून शिकवतो. पुतळा पाडल्याबद्दल खटला चाललेल्या चौघांना जानेवारी 2022 मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. सरकारने मात्र त्याच वर्षी कायदा कडक केला. स्मारकाचं नुकसान कितीही किरकोळ असो, शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

आता मुंबईचं सांगते. माझे वडील फोर्टात कामाला होते. "काळ्या घोड्याला उतर, मी तिथे उभा असेन," असं ते सांगत. मी उतरायचे आणि घोडा शोधायचे. घोडा नव्हताच. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा ससूनने दिलेला, 1879 मध्ये बसवलेला. 1965 मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. एका रविवारी वडिलांनी तिथे नेऊन दाखवला, "हा बघ तो." राजा कोण, त्याचं राज्य कसं होतं, ते का गेलं, सगळं त्या झाडांच्या सावलीत कळलं. पुतळा चौकातून गेला, पण मुंबई राणीचं राज्य विसरली नाही. चौकाचं नावसुद्धा विसरली नाही. 2017 मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, या वेळी पाठीवर कुणी स्वार नसलेला.

अजून एक गोष्ट, जी मला फार लागली. गुलामी बंद करणाऱ्या 1833 च्या कायद्यानंतर ब्रिटनने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांना नाही, मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज 2015 मध्ये फिटलं. म्हणजे माझ्या पगारातून कापलेल्या करातूनही ते फेडलं गेलं. त्या भरपाईतला वाटा मॉरिशसच्या ऊसमळ्यांच्या मालकांनाही मिळाला. मोकळ्या झालेल्या गुलामांच्या जागी त्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही त्यांत होते. त्यांची मराठी पणतवंडं आजही तिथे गणपती बसवतात. तेव्हा हा वाद माझा नाही, असं मला कुणी सांगू नये.

माझं मागणं साधं आहे. लंडनमध्ये हॉक्स्टनच्या म्युझियम ऑफ द होमने 2020 मध्ये रॉबर्ट जेफ्री याच्या पुतळ्याबद्दल लोकांचं मत घेतलं. गुलामांच्या व्यापारातून यानेही नफा कमावला होता. बहुसंख्यांनी सांगितलं, हलवा. तेव्हाच्या संस्कृतिमंत्र्यांनी संग्रहालयाला पत्र लिहून सरकारचं धोरण कळवलं, आणि पुतळा प्रवेशद्वारावर ठेवायचं ठरलं. तसं पत्र आपल्या कार्यालयातून पुन्हा कधीही जाऊ नये. 2023 च्या सूचनांमध्ये पुतळा हलवणं हाही तितकाच वैध पर्याय आहे, असं स्वच्छ लिहा. लोकांना विचारून गावाने किंवा संग्रहालयाने घेतलेला निर्णय लंडनहून अडवू नका.

आणि एकदा ब्रिस्टॉलला या. एम शेडला तिकीट नाही. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. ती आपल्याला आत घेऊन जाईल, आणि आठव्या वर्षी तिला जे उत्तर मिळायला हवं होतं ते आपल्याला सांगेल.

आपली,
ब्रिस्टॉलची एक नागरिक