मास्ल्युकोववरून पुन्हा तुझ्याशीच

नाशिक

प्रिय दिल्या,

दिवाळीनंतर माझी एक ओळ नाही, रागावला असशील. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. आता मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयात १९९८ च्या रशियातल्या आर्थिक संकटावर बोललो. प्रश्नोत्तरांत कॉलेजातला एक मुलगा उठला. "सोव्हिएत नियोजन संस्थेचा, गोसप्लानचा अध्यक्ष, कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च पॉलिटब्युरोचा सभासद आणि तोच राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनचा मंत्री? हा मास्ल्युकोव संधिसाधू नाही तर काय?" तू असतास तर त्याची पाठ थोपटली असतीस. दादरच्या खानावळीत तू हेच बोलला होतास आणि मी अर्धी सोलकढी टाकून उठलो होतो. बिल तुलाच द्यावं लागलं, ते अजून ऐकवतोस!

त्या मुलाला मी आकडे दिले, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ताजिकिस्तानात जन्मलेला, लेनिनग्राडला शिकलेला, इझेव्हस्कच्या कारखान्यांत घडलेला इंजिनिअर. कुठल्या कारखान्याला किती पोलाद, कुठल्या वीजकेंद्राला किती कोळसा, हे ताळेबंद जुळवणाऱ्या संस्थेची सूत्रं १९८८ मध्ये त्याच्या हाती आली, तेव्हा ताळेबंद जुळेनासेच झाले होते. १९९१ मध्ये संस्थाही गेली, देशही गेला. १९९५ ला तो कम्युनिस्ट पक्षाकडून दूमात, म्हणजे रशियाच्या संसदेत, निवडून आला. आणि दूमा भरत होती कुठे? ओखोत्नी र्‍यादवर, गोसप्लानच्याच जुन्या इमारतीत! त्या पायऱ्या तो कसा चढला असेल, सांग. तू म्हणशील, मी भावुक होतो. होतो.

जुलै १९९८ मध्ये पक्षाचा विरोध असताना तो पंतप्रधान किरियेन्कोच्या सरकारात उद्योगमंत्री झाला. तुझा सगळा राग तिथला. पण त्या उन्हाळ्यात खाणकामगार थकलेल्या पगारासाठी मॉस्कोत सरकारच्या दारात हेल्मेटं आपटत बसले होते, हे तू कधीच मोजत नाहीस. १७ ऑगस्टला सरकारने कर्जफेडीबाबत हात वर केले. डॉलरला सहाच्या आसपास असलेला रुबल वर्षअखेर विसाच्या पलीकडे गेला. सप्टेंबरात प्रिमाकोव पंतप्रधान आणि मास्ल्युकोव पहिला उपपंतप्रधान. तू छातीठोकपणे सांगितलंस की आता नोटा छापतील, साखरेची कुपनं परत येतील. झालं काय? त्यांनी १९९९ चं अंदाजपत्रक हात आखडून केलं, नाणेनिधीशी बोलणी चालू ठेवली, नोटांचा छापखाना मोकाट सोडला नाही. मे महिन्यात येल्त्सिनने सगळ्यांना घरी पाठवलं, तरी त्या वर्षी अर्थव्यवस्था सहा टक्क्यांवर वाढली. सगळं श्रेय त्याला देत नाही. रुबल पडल्याने परदेशी माल महागला, देशी कारखान्यांना गिऱ्हाईक मिळालं, तेलही वधारलं. पण जन्मभर वरून हुकूम सोडण्यात मुरलेल्या माणसाने त्या आठ महिन्यांत हात आवरला, हे मला मोठं वाटतं.

मला छळतं ते पुढचं. ज्यांनी आपलं सगळं मोडलं, त्यांच्याच शेजारी तो कुणासाठी बसला? कारखान्यांसाठी की खुर्चीसाठी? नंतर तो परत दूमात गेला आणि २०१० मध्ये जाईपर्यंत उद्योगांच्याच प्रश्नांत राहिला. नुसती खुर्ची हवी असलेला माणूस असं करत नाही, हे माझं मत. पण हे मत मी बाहेर बसून देतोय. तू आतला माणूस. तुझा जन्म मंत्रालयात नियोजन विभागात गेला. २०१४ मध्ये योजना आयोग गुंडाळणार असं लाल किल्ल्यावरून जाहीर झालं, त्या दिवशी तू जेवला नव्हतास. वहिनींनी सांगितलंय मला. मग खरं सांग, त्या नव्या लोकांनी तुला बोलावून म्हटलं असतं, "पगार थकलेत, कारखाने बंद पडतायत, तुम्हाला यातलं कळतं, या," तर तू गेला नसतास?

मुग्धाचं बाळंतपण नीट झालं ना? बंटीच्या नोकरीचं काय ते कळव. डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घे, वहिनींचं ऐक. आणि उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू नुसता ओरडतोस.

तुझा,
वसंता