‘ऑफ’ अवस्थेतील रुग्णाने ठाण्याहून यायचे कसे?

संपादक महोदय,

माझ्या पत्नीला नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात आहे. सुरुवातीला तिचा उजवा खांदा आखडला आणि हिशेबाच्या वहीतले अक्षर बारीक होत गेले. दीड वर्ष खांद्यालाच शेक दिला गेला आणि हाताला कंप सुटल्यावर निदान झाले. आजही हे निदान मुख्यतः डॉक्टरांच्या अनुभवी नजरेवरच होते. अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे बिघडलेले रूप हुडकणाऱ्या चाचणीचे अकराशेहून अधिक जणांवरील निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, ही फार आशेची गोष्ट आहे. मात्र त्यासाठी पाठीत सुई घालून मणक्यातील द्रव काढावा लागतो.

नव्या औषधाचा गुण आला की नाही, हेसुद्धा अजून रुग्णाला बोटे आपटायला, मूठ उघडमिट करायला, खुर्चीतून उठून चालायला लावून, गुण देऊनच ठरते. लेव्होडोपा या कंपवातावरील नेहमीच्या औषधाच्या गोळीने लक्षणे झाकली जातात, म्हणून आदल्या रात्रीपासून सुमारे बारा तास ती बंद ठेवून रुग्णाला ‘ऑफ’ अवस्थेत तपासतात. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्या अवस्थेतील माणसाने ठाण्याहून मुंबईतील रुग्णालयात सकाळी नऊला पोहोचायचे कसे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

गेल्या वर्षी नव्या औषधाच्या अशा एका चाचणीसाठी पत्नीने आनंदाने होकार दिला होता. प्रवासखर्च मिळणार होता, परंतु पाय जमिनीला खिळलेल्या बाईला स्टेशनचा पूल चढवून गर्दीच्या लोकलमध्ये बसवणे पैशाने साधत नाही. आम्ही टॅक्सीने गेलो; वाहतूक कोंडीत दोन तास ताठरलेल्या अंगाने बसून ती पोहोचली तेव्हा तिला उभेही राहवेना. त्या दिवशीच्या तिच्या गुणांत आजार किती आणि प्रवासाचा शीण किती, हे कोण सांगणार? दुसऱ्या तपासणीला आम्ही गेलो नाही.

अशाने चाचणीत टिकतात ते रुग्णालयाजवळ राहणारे, गाडी बाळगणारे आणि आजार सौम्य असलेले. मग निष्कर्षही त्यांच्यापुरतेच राहतात. आदल्या रात्री रुग्णासह सोबत्याच्या मुक्कामाची सोय करावी, किंवा ही तपासणी ठाण्यातीलच एखाद्या रुग्णालयात घ्यावी. औषध-चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिकही असतो. मंजुरी देण्यापूर्वी निदान त्याने तरी हा प्रश्न विचारावा. त्याच नियमांनुसार माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत असायला हवे. गोळी बंद ठेवल्यावर कूस बदलणे, घास गिळणेही जड जाईल, हे त्यात साध्या मराठीत लिहावे. आम्हाला ते त्या पहाटे कळले.

पत्नीची तयारी आजही आहे. मुक्कामाची सोय झाल्यास नाव नोंदवायला आम्ही दोघे येऊ.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे