सूचना : कौटुंबिक सहलीसाठी विमान संग्रहालयाची निवड

सर्व सभासदांस नमस्कार,

यंदाच्या सहलीत मुलांना विमाने दाखवायची, हे मागच्या बैठकीत ठरले आहे. कुठली, एवढेच रविवारी ठरवायचे आहे.

माझे स्पष्ट मत गोव्यातील बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयाच्या बाजूने आहे. दाबोळी विमानतळावरून बाहेरगावी जाताना आपण त्याच्या जवळून जातो, पण आत गेलेली मुले आपल्यात थोडीच. तिथले तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचे, मग हवाई दलाचे आणि शेवटी नौदलाचे टेहळणी विमान झाले. सी हॉक आणि अलिझे ही विमाने १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडाली. जहाजावर जागा कमी, म्हणून त्यांचे पंख दुमडतात. मुलांना ते मुद्दाम दाखवा. सरळ खाली उतरू शकणारे सी हॅरियरही आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते.

बेंगळुरूच्या एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) संग्रहालयात भारतात बनलेले मारुत लढाऊ विमान आहे. विशाखापट्टणमला तुपोलेव्ह-१४२ या नौदलाच्या टेहळणी विमानाच्या पोटात शिरता येते. ते मला स्वतःला फार पाहायचे आहे! पण ज्येष्ठांना आणि लहानग्यांना घेऊन एवढा प्रवास मे महिन्यात नको. दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूचा विचार जरूर करू.

बोगमाळोला बरीच विमाने उघड्यावर उभी आहेत, त्यामुळे सकाळीच निघू. टोप्या व पाणी घ्या. घरातील किती जण येणार ते शनिवारपर्यंत कळवावे, म्हणजे बस ठरवता येईल.

आपला,
सचिव