काल तानपुरा उतरवला

मिरज,
12 फेब्रुवारी

प्रिय सुमे,

काल सकाळी मी आपल्या गाण्याच्या बाईंचा तानपुरा काळी चारवरून काळी तीनला उतरवला, पेटीच्या दोन पट्ट्या खाली.

कुणाला सांगावं म्हणून घरभर फिरले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस, वर टांगलेला एखाद्या दिवशी कुणाच्या डोक्यात पडला असता." चिमी म्हणाली, आई, ॲपवर ते एका बोटात होतं की. सासूबाईंनी ऐकलंच नाही, त्यांचं मशीन चार्जिंगला होतं. मग तू राहिलीस. तसंही तूच होतीस.

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी "बरी आहे, मग बोलते" एवढंच टाकत राहिले, याचा राग तुला आला असणार. फोन उचलला नाही त्याचं कारण खरं सांगते. तू आवाज ऐकला असतास. बाकी कुणाला कळत नाही, तुला पहिल्या 'हॅलो'त कळलं असतं.

तब्येतीचं आधी उरकते. ऑपरेशन 2 डिसेंबरला झालं. थायरॉईडचा उजवा भाग आणि मधला पूल काढला, डावा आहे तसा ठेवला. गाठ 3.8 सेंटीमीटरची होती. सुईच्या तपासात ती चौथ्या वर्गात आली होती. म्हणजे नुसत्या पेशी बघून ती साधी की कॅन्सरची ते ठरवता येत नाही. गाठीचं आवरण फोडून पेशी बाहेर गेल्यात का ते बघायला अख्खी गाठच हाती यावी लागते. रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. साधी निघाली. उरलेल्या भागाची आता वर्षाला एक सोनोग्राफी. पहिली रात्र उशा रचून डोकं वर ठेवून काढली, कारण आत रक्त साठून मान सुजली तर श्वास अडकतो, म्हणून सिस्टर दर तासाला गळ्याला हात लावून जायची. तसलं काही झालं नाही. कॅल्शियमचाही त्रास नाही, डावीकडच्या दोन पॅराथायरॉईड ग्रंथी जागेवर आहेत. गळ्याच्या घडीत पाच सेंटीमीटरची रेघ आहे, तिला सिलिकॉनचं जेल लावते आणि उन्हात स्कार्फ बांधते. झालं. तब्येत संपली.

आता आवाज.

पहिले दहा दिवस घोगरा होता, त्याचं मला काही वाटलं नाही. भूल देताना घशात नळी घालतात, त्यानं होतो. दर घोटाला गळ्याची कातडी आतून ओढल्यासारखी वर जायची, तेही कमी झालं. चौथ्या आठवड्यात शाळेत गेले. नववी ब मध्ये बासष्ट पोरं, तुला माहीत आहे माझा वर्ग कसा चालतो, मी खडू न टाकता नुसत्या हाकेवर मागचा बाक गप्प करते. पहिल्या दिवशी तिसऱ्या तासाला आवाज संपला. बसला नाही, संपला. तेल संपल्यावर दिव्याचं होतं तसं. पुढच्या बाकावरची एक पोरगी उठली, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि बीजगणिताचं उदाहरण खणखणीत आवाजात वाचायला लागली. मी नुसती फळ्यावर लिहीत गेले. त्या दिवसापासून तिसऱ्या तासाला ती आपणहून उभी राहते. मला तिचं कौतुक वाटतं आणि सुमे, रडूही येतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका आधी गळ्याकडे बघायच्या, मग तोंडाकडे. मंगळसूत्र टाक्यावर घासतं म्हणून काढून ठेवलंय, त्यावर जोशीकाकूंनी काय केलं असेल ते तू ओळख. दरवर्षीप्रमाणे म्हणाल्या, "नंदा, एक गाणं होऊन जाऊ दे." मी सर्दीचं कारण सांगितलं. जोशीकाकू म्हणाल्या, "आता तर छान बोलतेयस की, गायला काय होतंय?"

तेच तर कुणाला समजावता येत नाही. बोलते मी छान. वरचा सा लागतो, पण त्याला अंग नाही, कागदावर काढलेल्या सासारखा. आणि त्याच्या पुढच्या रिषभाला गेलं की नुसती हवा. घसा दुखत नाही, जोर पडत नाही, स्वर फक्त तिथं नसतोच. सरावाच्या जिन्यावर अंधारात पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं.

नाकाकानाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित हलतात म्हणाले. मी आनंदानं उठायला लागले तर त्यांनी बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. आवाजाची मोठी नस छातीकडे खाली उतरते आणि वळसा घालून परत वर येते. डावीकडची महाधमनीला वळसा घालते, उजवीकडची हाताकडे जाणाऱ्या धमनीला. ती शाबूत आहे, म्हणून मी बोलते. पण दुसरी एक केसासारखी बारीक नस थायरॉईडच्या वरच्या टोकाला, रक्तवाहिनीच्या अगदी अंगाला लागून जाते. ती ज्या स्नायूला जाते तो स्वरतंतू ताणतो. "बोलायला ही फारशी लागत नाही, वर चढायला लागते," म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे तानपुऱ्याची तार ताणणारी खुंटी. त्यांना कळलं नाही. ते सांगलीचे आहेत, मिरजेचे असते तर कळलं असतं.

तिला धक्का लागलाय की नाही ते नुसत्या दुर्बिणीतून नक्की सांगता येत नाही म्हणाले. कापलेली नस वेगळी आणि नुसती ओढली गेलेली वेगळी. ओढली गेलेली महिन्या-महिन्यानं जागी होते. सहा महिने वाट बघायची. शिवाय जखम भरताना मानेचे स्नायू आतल्या आत चिकटतात, त्यानंही वरचे स्वर जातात आणि परत येतात. आवाजाचे व्यायाम घेणारी एक बाई लावून दिली आहे, ती पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ घालून त्यातून 'ऊ' करत बुडबुडे काढायला लावते, दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं. सासूबाईंना वाटतं मी ताक घुसळतेय.

आणि यात एक तिसरी पाचर आहे. उरलेला अर्धा भाग पुरं काम करील असं सगळे म्हणत होते, बहुतेकींचा करतोही. साधारण पाचातल्या एकीला गोळी लागते. ती एक मी. सहा आठवड्यांनी तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात चढणारा आकडा, 9.4. आधी तो 2.9 होता. थायरॉईड कमी पडलं की स्वरतंतूंनाही सूज येते आणि आवाज जड होतो, खाली उतरतो. म्हणजे माझा रिषभ नसेनं नेला, की जखमेनं, की रक्तातल्या एका आकड्यानं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. पन्नासची गोळी चालू केलीय. पहाटे साडेपाचला उठून रिकाम्या पोटी घ्यायची, तासभर चहा नाही. रात्रीची कॅल्शियमची गोळी तिच्या जवळपासही फिरकू द्यायची नाही, निदान चार तासांचं अंतर. ती रक्तात हळूहळू मुरते, म्हणून पुढची तपासणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तोवर घरात कोबी आणि फ्लॉवर बंद आहे, सासूबाईंनी कुणाच्या तरी फॉरवर्डवरून बंदी घातली. डॉक्टर म्हणाले शिजवलेला खुशाल खा, बंद करायचं तर ते सैंधव बंद करा आणि साधं आयोडिनचं मीठ वापरा. सैंधव गेलं, कोबी काही परत आला नाही.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मी फोनवर वाचते, ह्यांनी दोनदा फोन काढून घेतला. अमेलिता गल्ली-कुर्ची म्हणून इटलीची मोठी गायिका होती. 1935 साली शिकागोत तिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं, भूल फक्त मानेपुरती. पुढं तिचं गाणं संपलं आणि ही बारीक नस डॉक्टरांच्या तोंडी तिच्याच नावानं राहिली. ते वाचून मी पहाटेपर्यंत जागी. मग दुसऱ्या रात्री वाचलं की 2001 साली दोघा डॉक्टरांनी तिची जुनी परीक्षणं काढून तपासली, तर तिचा आवाज ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासूनच उतरत चालला होता. नस तुटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्या बाईचंच वाटत राहिलं. ऑपरेशनच्या आधी ती एकटी बसून वरचा स्वर लावून बघत असेल आणि तो येत नसेल, आणि तिनं कुणाला सांगितलंही नसेल.

आता कालचं. गोळी घेतली, चहाला तास होता. तानपुरा खाली घेतला, गवसणी काढली. काळी चारला जुळवलेलाच होता, आपल्या दोघींना ठाऊक आहे तो कधी दुसरीकडे गेलाच नाही. सा लावला. वरच्या साकडे गेले, तो कागदाचा सा आला. मग काय झालं मला कळलं नाही, हात खुंटीवर गेला. जोडीच्या दोन्ही तारा सैल केल्या, मग पंचम, मग खर्ज. मण्यांनी नीट केलं. पूर्ण दोन पट्ट्या खाली. आणि वरचा सा आला, सुमे. भरलेला. त्यावर रिषभसुद्धा आला. जुना सा तोच नवा रिषभ, हिशेब मलाही कळतो, मी गणिताची बाई आहे. तरी आला. त्याच्या पुढचा गंधार नाही आला.

आणि गंधारावर थांबले तेव्हा तू समोर उभी राहिलीस.

1996 चं गॅदरिंग. तुला पंधरा दिवस खोकला होता. बाई स्वतः म्हणाल्या, दोन पट्ट्या खाली घ्या गं पोरींनो. बंडूकाकांनी पेटीवर पट्टी दाखवलीसुद्धा. आणि मी म्हटलं, "सूर उतरवायचा म्हणजे मान उतरवायची, मी नाही उतरवणार. हिला जमत नसेल तर मी एकटी गाते." हे मी तुझ्यासमोर बोलले. तू काही न बोलता काळी चारला उभी राहिलीस आणि अंतऱ्यात गंधारावर तुझा आवाज फाटला. मी थांबले नाही. तुझ्या वाटेचीही ओळ मीच म्हणून पुढं गेले, टाळ्या घेतल्या. नागपंचमीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि झोक्याखाली एकदाची बोललीस ती, "तुझी वेणी सुटलीय" म्हणून. तेव्हा मला वाटलं मिटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं मिटलं.

तुझ्या गळ्यात तेव्हा काय होत होतं ते मला काल कळलं. स्वर ठाऊक असतो, जागा ठाऊक असते, आणि पायाखाली काही नसतं. आणि शेजारी उभी असलेली आपली माणूस म्हणते, जमत नसेल तर. मी चुकले, सुमे. बाईंच्या देखत चुकले. त्यांनीही मला तेव्हा झापलं नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मला आत्ता समजतंय.

दुपारी सतारमेकर गल्लीत गेले. दोन पट्ट्या उतरवल्यावर तारा ढिल्या पडून खरखरायला लागल्या होत्या, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारांखाली असतो तो, धागा कुठंही सरकवला तरी गोडवा येईना. चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला, एकदा छेडला, माझ्या स्कार्फकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. म्हणाले, "ताई, इथंच ठेवायचा असेल तर जाड तारा घालाव्या लागतील आणि जवारी नव्यानं काढावी लागेल. मग परत वर न्यायचा म्हटलं तर सगळं पुन्हा. तेव्हा आधी सांगा, कायमचं की तात्पुरतं?"

हाच प्रश्न मी दोन डॉक्टरांना विचारलाय आणि दोघं म्हणाले, जूनपर्यंत थांबा. चाचांनाही म्हटलं थांबा. पण खरं कारण वेगळं आहे. बाई जाताना म्हणाल्या होत्या, तानपुरा दोघींचा. तू इंदूरला गेलीस म्हणून तो माझ्याकडे राहिला, एवढंच. काल मी तुला न विचारता त्याला हात लावला. तारा तरी विचारल्याशिवाय बदलणार नाही.

तुझं काय? बारक्याची बारावीची प्रॅक्टिकल्स झाली का? गुडघ्याला बेल्ट वापरतेस की नुसताच घेऊन ठेवलायस? भावोजींच्या बदलीचं काही ठरलं का ते कळव. आईंना नमस्कार सांग. आणि सराफ्यातल्या गराडूचे फोटो पाठवणं बंद कर, मला अजून तळलेलं गिळताना जपावं लागतं आणि तुला ते माहीत आहे.

दर्ग्याच्या संगीत सभेला या वर्षी येशील का? चिंचेखाली मागच्या बाजूला आपली जागा अजून रिकामी असते. नसली तर रिकामी करून घेऊ, तू जोरात शिंकायचीस तशी शिंक. ते नाही जमलं तर मेच्या सुट्टीत चार दिवस ये. मार्चचा रिपोर्ट आला की आकडा कळवते. तू तानपुरा ऐक, माझा सा ऐक, काळी चारलाही आणि काळी तीनलाही, आणि मग चाचांकडे आपण दोघी जाऊन सांगू. पट्टी तू सांगायचीस. बुडबुडे रोज काढते आहे.

आता फोन कर. उचलीन.

तुझी,
नंदा