आधी पाणी कुठं जातं ते बघ : ग्रेडर शिकवणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी एकदा केला होता. तुम्ही "ग्रीस मारलंस का?" एवढंच विचारलंत आणि यंत्राच्या पलीकडच्या बाजूला निघून गेलात. तेव्हा राहून गेलेलं आज लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण खडीच्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना हा रस्ता कुणीतरी हाताने जपलेला असतो हे सहसा ठाऊक नसतं. खड्डा पडला की लोकांना कळतं. तो पडला नाही, तर का पडला नाही, हे कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मला रोलर येत होता, जेसीबीवर हात बसलेला होता. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांबलचक पातं लावलेलं वाहन, एवढीच माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात मी एका सकाळी बराच मोठा पट्टा ओढून काढला. कॅबमधून मागे वळून बघितलं तर टेबलासारखा सपाट. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही काही बोलला नाहीत. पाण्याची बाटली घेतलीत, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिलात आणि ती सावकाश ओतलीत.

आपण दोघं ते पाणी बघत राहिलो. ते कुठेच गेलं नाही. थोडं डावीकडे पसरलं, थबकलं, चाकोरीत शिरलं आणि तिथंच मुरलं. मुरलेल्या जागी माती गडद झाली. मी बूट टेकवला तर टाच आत गेली. "पाऊस आला की सबंध रस्त्याचं हेच होणार," तुम्ही म्हणालात. "आधी पाणी कुठं जातं ते बघायचं. मग पातं टेकवायचं."

मग तुम्ही तीन मीटरची सरळ फळी आणि लेव्हल काढलीत. फळीचं एक टोक माथ्यावर, म्हणजे रस्त्याच्या मधल्या रेषेवर, दुसरं कडेच्या बाजूला हवेत धरून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला वर-खाली करायला लावलंत आणि खालची फट मोजायला सांगितलीत. तीन सेंटीमीटर निघाली. हवी होती बारा. खडीच्या रस्त्याला माथ्यापासून कडेपर्यंत साधारण 4 टक्के उतार लागतो, म्हणजे तीन मीटरला 12 सेंटीमीटर, हे मी त्या फळीखाली गुडघे टेकून शिकले. डांबरी रस्त्याचं 2 टक्क्यांत भागतं, कारण त्याच्यावरून पाणी घसरून जातं. खडीत ते आत शिरायला वाट शोधत असतं, म्हणून त्याला दुप्पट घाईनं बाहेर काढावं लागतं. दुसऱ्या टोकाला जायचं नाही, हेही तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत. उतार फार दिला तर गाडी कडेला घसरते असं वाटून सगळेच रस्त्याच्या मधून चालवायला लागतात, आणि समोरून येणाराही मधूनच येतो.

खड्ड्यांचं शिकायला मला जास्त वेळ लागला. पात्यानं वरची सुटी खडी ओढायची, खड्ड्यात लोटायची, पुढे जायचं. दिसायला छान दिसायचं. आठवड्याभरात खड्डे जिथले तिथे परत. मला खरंच वाटत होतं की त्या जागेतच काही खोट आहे. तुम्ही एका खड्ड्यातली भर हातानं उकरून काढलीत. आत जुना खड्डा जसाच्या तसा होता, कडा कडक, तळ वाटीसारखा घोटलेला. वरची भर त्याला कुठेच धरलेली नव्हती. पाऊस पडला की त्या वाटीत पाणी साचणार, चाक आदळलं की पाण्याबरोबर बारीक माल बाहेर उडणार, आणि खड्डा आधीपेक्षा थोडा मोठा होऊन वर येणार.

"खड्डा भरायचा नसतो, काढायचा असतो," हे तुमचं वाक्य तेव्हाचं. मग स्कॅरिफायरचे, म्हणजे कडक थर फोडणाऱ्या अवजाराचे, दात पार खड्ड्याच्या तळाच्या खाली जातील इतके उतरवायचे, तिथला सगळा थर फोडायचा, पाणी मारून तो मिसळायचा, परत पसरायचा आणि दाबायचा. त्याला वेळ लागतो. दिवसाअखेर किलोमीटर कमी भरतात. पण त्या दिवशी आपण दोघांनी तळापासून काढलेल्या तुकड्यात पुढचे कितीतरी पाऊस एकही खड्डा उगवला नाही. मी तिथून जाताना अजून वेग कमी करते, सवयीनं.

सगळ्यात जास्त लाज वाटली ती वरंब्याची. उतार आता मला बरोबर जमत होता. पण शेवटच्या फेरीत उरलेला माल मी कडेला तसाच सोडत होते, हातभर रुंद, वीतभर उंच, गवताच्या गड्ड्यांसकट. रात्री जोराचा पाऊस झाला. पाणी माझ्या उतारावरून छान खाली आलं, वरंब्याला अडलं, गटारात उतरायला वाट मिळेना म्हणून कडेनंच धावत सुटलं आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीजवळ सखल जागा सापडली तिथं फुटलं. सकाळी साईडपट्टी उभी कापून गेलेली. तुम्ही त्या घळीत उतरलात, गुडघ्यापेक्षा खोल होती ती, आणि खालून म्हणालात, "गटार बाहेर होतं. तू रस्त्यावरच दुसरं गटार बांधलंस." आवाज चढवला नाहीत. वर येऊन एक फावडं माझ्या हातात दिलंत, एक स्वतः घेतलंत, आणि मोरीचं तोंड मोकळं होईपर्यंत बाजूला उभं राहून खोदत होतात. शिकवणारा माणूस शिकणारीच्या चुकीत स्वतः उतरून खणतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच कडेच्या मालाची किंमतही तुम्हीच दाखवलीत. चाकांनी मधून उडवलेली खडी कडेलाच जाऊन पडलेली असते. नवी खडी मागवायच्या आधी ती आत ओढायची, गवताची मुळं वेगळी करायची, बारीक मालाबरोबर मिसळायची. पातं 30 ते 45 अंशांत तिरपं धरलं की माल पात्यावरून गुंडाळत, उलटापालटा होत एका बाजूला सरकतो. कोन कमी पडला की तो पुढच्या टोकावरून सांडत जातो आणि आपल्याला वाटतं की आपण काम करतोय. पात्याचा माथा पुढे झुकवला तर माल मिसळतो, मागे नेला तर पातं कापतं. हे वाचून पाठ झालं असतं. पण तुम्ही मला दोन दिवस खाली उभं राहून फक्त पात्यापुढून वळणारा माल बघायला लावलंत, म्हणून ते आता हाताला ठाऊक आहे. पात्याची कड बदलायला मी टाळाटाळ करायचे तेव्हा तुम्ही तिच्यावर दोरी ताणून दाखवली होतीत, मधे बोटभर फट. मधे झिजलेल्या कडेनं सरळ उतार निघत नाही, गोलवा येतो, माथा सपाट राहतो आणि नेमकं तिथंच पाणी बसतं.

पन्हाळी पत्र्यासारखा होतो ना रस्ता, दातावर दात आपटतात तसा, त्याबद्दल लोक सगळा दोष जड गाड्यांना देतात. तुम्ही म्हणायचात, कोरडा माल, कमी चिकटपणा आणि वेग. चढावर, वळणाआधी, ब्रेक आणि रेस जिथं जास्त तिथं लाटा जास्त. नंतर मला कळलं की 2007 साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर साधं चाक चालवून हेच तपासलं होतं. चाकाला स्प्रिंग नसली तरी ठरावीक वेगाच्या वर लाटा उठतात आणि त्या वेगाच्या खाली थर सपाट राहतो. ते वाचताना मला तुमची आठवण झाली, कारण हा नियम तुम्ही मला माझ्याच कामावर दाखवला होता. मी ग्रेडर जोरात पळवत होते, यंत्र टायरांवर उसळत होतं आणि पात्यानं मागे लाटाच कापल्या जात होत्या. ताशी पाच ते आठ किलोमीटर, त्याच्या वर नाही. तुम्ही कॅबच्या दारात उभे राहून म्हणालात, "कान दे. पातं एकसारखं घासत असेल तर ठीक. धडधड आली की पाय काढ." आता वेगाच्या काट्याकडे मी क्वचित बघते. ती धडधड बुडाखालून आधी कळते.

पुढची चाकं आडवी झुकतात, त्याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. पात्यावरचा माल यंत्राला बाजूला ढकलतो आणि झुकलेली चाकं तो जोर पेलून नाक सरळ ठेवतात, एवढं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. अमेरिकेत जे. डी. अ‍ॅडम्स यांनी 1885 मध्ये झुकत्या चाकांचा ग्रेडर आणला तेव्हा तो घोडे ओढत. स्वतःच्या इंजिनावर, रबरी टायरांवर चालणारं कॅटरपिलर कंपनीचं 'ऑटो पॅट्रोल' हे यंत्र आलं 1931 मध्ये. इतकी वर्षं ती युक्ती टिकून आहे याचं मला मनापासून अप्रूप वाटतं, आणि चाकं झुकवायचा लिव्हर ओढताना अजूनही वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, ती.

तुम्हाला तो कोरडा आठवडा आठवत असेल. किती दिवस पाण्याचा थेंब नाही, टँकर बंद पडलेला. वरून निरोप आला की आठवड्याचे किलोमीटर पूर्ण दिसले पाहिजेत. मी नवी होते, कागदावर माझं नाव होतं, मी यंत्र चालू केलं. तुम्ही समोर येऊन हात वर केलात. रस्त्यावरची मूठभर खडी उचलून माझ्या हातात दिलीत. "आवळ." मी मूठ आवळली, उघडली. बारीक माल बोटांमधून धुरळा होऊन उडाला, हातात नुसते खडे उरले. वरच्या थराच्या खडीत जो अगदी बारीक माल असतो, मैद्यासारखा, साधारण 8 ते 15 टक्के, तोच खड्यांना धरून ठेवतो. कोरड्यात पातं फिरवलं की तो वाऱ्यावर जातो, खडे सुटे होतात, आणि रोलर कितीही फिरवला तरी थर बसत नाही. मग तुम्ही तुमच्या पाण्याच्या कॅनमधून थोडं पाणी ओतून त्याच मालाचा गोळा वळून दाखवलात. तो तुटला नाही, हाताला चिकटलाही नाही. "असा झाला की काम करायचं. तोवर यंत्र बंद."

मी म्हणाले, काका, मला विचारतील. तुम्ही म्हणालात, "मला विचारतील."

आणि विचारलं. मी शेडच्या बाहेर होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही एकदाही "ती नवीन आहे" म्हणाला नाहीत. यंत्र मी थांबवलंय, एवढंच सांगत राहिलात. त्या आठवड्याचे किलोमीटर तुमच्या नावावर कमी लागले आणि बोलणीही तुम्हीच खाल्लीत. बाहेर आलात तेव्हा मला म्हणालात, "तोवर मोऱ्या साफ करू." आपण चार दिवस मोऱ्यांची तोंडं आणि गटारं काढली. पाचव्या दिवशी पाऊस झाला, माल ओला झाला आणि आपण कामाला लागलो. त्या पट्ट्याइतका घट्ट बसलेला थर मी त्यानंतर फार कमी वेळा पाहिला आहे.

त्या चार दिवसांचे आभार मला मानायचे आहेत. उताराचे आकडे मला कुठेही मिळाले असते. कोरड्या मालावर पातं टेकवायचं नाही हेही कुठेतरी वाचलं असतं. पण वरून दटावणी आलेली असताना यंत्र बंद ठेवता येतं, हे मी फक्त तुमच्याकडे बघून शिकले. त्यानंतर दोनदा मी स्वतः यंत्र बंद ठेवलं आहे. दोन्ही वेळा पाय लटपटत होते. दोन्ही वेळा मूठभर खडी उचलून समोरच्याच्या हातात दिली.

परवा रात्री चांगला पाऊस झाला. पहाटे यंत्र न घेता मी चालत सगळा रस्ता बघून आले, तुम्ही लावलेल्या सवयीनं. माथा स्वच्छ होता, गटारं वाहत होती, मोरीजवळची ती साईडपट्टी शाबूत आहे. फक्त मोठ्या वळणाच्या अलीकडे, जिथं दोन्हीकडचा उतार मोडून एकाच बाजूचा करावा लागतो आणि बाहेरची कड उचलावी लागते, तिथं एक सपाट पट्टी राहते. तीन-चार पावलांची. त्यात पाणी धरतं. मी बदल आणखी अलीकडून सुरू करून पाहिला, तरी राहते. माझं कुठं चुकतंय ते मला दिसत नाहीये. तुम्ही एकदा येऊन बघाल का? माल अजून दोन दिवस ओला राहील. बाटली भरून कॅबमध्येच ठेवली आहे.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
ग्रेडरवरची मुलगी