स्वादुपिंडातला व्रण आपोआप पडत नाही

संपादक महोदय,

आरोग्य पुरवणीतला जुनाट स्वादुपिंडदाहावरचा लेख वाचला. पोटदुखी, एन्झाइमच्या गोळ्या, मधुमेह हे सगळं नीट आलं आहे. पण सूज पुन्हापुन्हा आली की ग्रंथी कडक होते, एवढं सांगून लेखक पुढे गेले. ती कडक होते कशी, हा खरा प्रश्न होता.

माझी नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवण्यात गेली. मॅसन ट्रायक्रोम या रंगप्रक्रियेत कोलॅजेन, म्हणजे ज्याचा व्रण बनतो ते तंतुमय प्रथिन, निळं दिसतं आणि पेशी लालसर. निरोगी स्वादुपिंडात लाल खंडिका (पेशींचे छोटे गट) दाटीने बसलेल्या असतात, मधली निळी रेघ जेमतेम दिसते. आजार मुरलेल्या ग्रंथीत निळे पट्टेच जास्त. पाचक रस करणाऱ्या पेशींची उरलीसुरली लाल बेटं त्यांत अडकलेली. इन्सुलिन करणारे पुंजके मात्र बरेच दिवस तग धरतात, म्हणून मधुमेह बहुधा उशिरा गाठतो.

हे निळं कोलॅजेन म्हणजे मेलेल्या पेशींचा साचलेला गाळ नव्हे. ते मुख्यतः स्टेलेट पेशी तयार करतात. १९९८मध्ये दोन संशोधक गटांनी या पेशी स्वादुपिंडातून वेगळ्या काढून वाढवल्या, तेव्हापासून चित्र स्पष्ट होत गेलं. एरवी त्या अ-जीवनसत्त्वाचे थेंब साठवून निवांत पडून असतात. ग्रंथीला इजा झाली की रक्तबिंबिका, मॅक्रोफेज (मोडतोड साफ करणाऱ्या संरक्षक पेशी) आणि दुखावलेल्या पेशी ग्रोथ फॅक्टर, म्हणजे इतर पेशींना कामाला लावणारी संदेशवाहक प्रथिनं, सोडतात. त्यांतल्या पीडीजीएफमुळे स्टेलेट पेशींची संख्या वाढते आणि त्या इजेच्या जागी सरकतात. टीजीएफ-बीटा हा दुसरा घटक त्यांना कोलॅजेन करायला लावतो, वर ते विरघळवणाऱ्या एन्झाइमांना आवरही घालतो. म्हणजे भर पडत राहते आणि निचरा थांबतो. त्यात जाग्या झालेल्या स्टेलेट पेशी स्वतःच टीजीएफ-बीटा सोडू लागतात, त्यामुळे मूळ इजा ओसरली तरी काम चालूच राहू शकतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दारू आणि तिच्यापासून शरीरात होणारं अॅसिटाल्डिहाइड थेट टाकलं तरी त्या जाग्या होतात. आधी सूज यायलाच हवी असं नाही.

मग टीजीएफ-बीटाच बंद करून टाका, असं कुणालाही वाटेल. ते इतकं सोपं नाही. हाच घटक दाहाला लगामही घालतो. टीजीएफ-बीटा-१ नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांत अनेक अवयवांच्या दाहाने मरतात. फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर, म्हणजे तिथल्या अशाच व्रणावर, पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब ही औषधं आहेत, त्यांतलं निन्टेडानिब पीडीजीएफचा संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरलाही अडवतं. स्वादुपिंडासाठी मात्र व्रण थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही.

म्हणूनच लेखासोबतच्या चौकटीतला 'रामबाण इलाज दृष्टिपथात' हा मथळा खटकला. ती बातमी उंदरांवरच्या प्रयोगाची होती. अशा प्रयोगांत बहुतेक वेळा सेरुलिन या स्वादुपिंडाला अति चेतवणाऱ्या द्रव्याची इंजेक्शनं देऊन आजार घडवतात, आणि ती बंद केली की उंदराची ग्रंथी औषधाविनाही बरीचशी सावरते. माणसाची अशी सावरत नाही. वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्या रुग्णाच्या घरी असा मथळा वाचला की काय आशा लागते, ते डेस्कवरच्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक. संपूर्ण लेखात तंबाखूचं नाव नाही. दारूचा थेंबही न घेणाऱ्यालाही धूम्रपानामुळे या आजाराचा धोका वाढतो आणि दारू पिणाऱ्यात तो आणखी झपाट्याने वाढतो. पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ