दुसरी बाटली

प्रिय बंड्या,

पहिली ओळ लिहायला चार दिवस गेले, म्हणून आता सरळच सांगतो. आपल्या वाइनच्या दोन बाटल्यांपैकी एक मी उघडली. तू नसताना, भाऊबीजेच्या संध्याकाळी, वाड्याच्या ओसरीवर. विहिरीच्या काठावर बसून आपण एकमेकांना काय शब्द दिला होता ते मला पक्कं आठवतं, आणि तरीही उघडली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू आधी शिव्या देतोस आणि मग ऐकून घेत नाहीस. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

घरी सगळे बरे आहेत. अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, आईचे गुडघे तसेच, माझी साखर गोळीवर आहे. झालं.

वाडा पाडतोय, रे. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही आणि उत्तरेची भिंत पोटातून फुगली. धाकटा म्हणाला, आता डागडुजी नको, स्लॅबचंच घर बांधू. मलाही नाही म्हणवेना. पण बळद, ती भिंतीतली धान्याची कोठी, त्याच भिंतीत. तूच शोधली होतीस ती जागा, २०११ च्या मे महिन्यात, हातात थर्मामीटर घेऊन खोलीखोलीत फिरून. ओसरीवर ४१ आणि बळदात २६. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोराला ताप आहे तर काखेत लावायचं सोडून भिंतीला का लावतोय? तेव्हापासून चौदा वर्षं दोन्ही बाटल्या तिथेच, गव्हाच्या भुशात, आडव्या. बूच आतून ओलं राहिलं पाहिजे, सुकलं की आकसतं आणि हवा शिरते, हे तू आईलासुद्धा पाठ करायला लावलं होतंस. बळद सारवायचं म्हटलं की ती आधी बाटल्यांना हात लावून बघायची, बाळाला बघावं तशी.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बळद रिकामं करत होतो. अप्पा खाटेवरून म्हणाले, "त्या आपल्याच बागेच्या ना? माझ्या द्राक्षांचं शेवटी काय झालं ते मला बघायचंय." बंड्या, हा माणूस बेचाळीस वर्षं माळकरी. २००५ मध्ये आपण शिराझची, म्हणजे वाइनच्या द्राक्षांची, कलमं आणली तेव्हा तीन दिवस आपल्याशी बोलला नव्हता. आणि नंतर त्यानंच दोन्ही छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, आपल्या हातानं केल्या, कारण आपली कात्री त्याला पसंत नव्हती. त्याला मी काय सांगू, बंड्या ॲडलेडहून आला की दाखवतो? ८२ वर्षं वय आहे त्यांचं. मी एकदाच विचार केला आणि हो म्हणालो.

आता कशी उघडली ते सगळं सांगतो, कारण तू मला तेच आधी विचारशील.

एक बाटली त्याच सकाळी उभी करून ठेवली. दोन दिवस पूर्ण उभी, अंधारात, कोणी हलवायची नाही. गाळ तळाला बसू दे, हे तुझं वाक्य. उजेडाकडे धरली तेव्हा आडव्या बाजूला आतून पट्टा दिसत होता, नदीच्या गाळासारखा. भाऊबीजेला संध्याकाळी ओसरीवर चांगलं २८ होतं. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यायची असं लोक म्हणतात, ती खोली फ्रान्समधली दगडी खोली, निफाडातली नाही, हे तू मुंबईच्या हॉटेलात त्या मॅनेजरला सुनावलंस आणि नोकरी घालवलीस. तू बरोबर होतास. मी घंगाळात माठाचं पाणी घेतलं, बाटली न हलवता त्यात उभी केली, अर्धा तास. काच हाताला गार लागली, थंडगार नाही.

मग वरचा पत्रा. ओठाच्या खालच्या कडेखाली सुरी फिरवली, वरच्या नाही, म्हणजे ओतताना वाइन पत्र्याला लागत नाही. पत्रा निघाला तर बुचावर काळी बुरशी. माझ्या पोटात गोळा आला. ओल्या फडक्यानं पुसली, ती नुसती वरवरची होती. सतरा वर्षांच्या बुचात मळसूत्र घालायची माझी छाती नव्हती. घातलं असतं तर अर्धं बूच भुगा होऊन खाली गेलं असतं. तेव्हा तू तीन वर्षांपूर्वी पाठवलेलं ते बूच काढायचं दोन पात्यांचं अवजार आठवलं, ‘अ-सो’. ते सापडेना. शेवटी आईच्या फराळाच्या डब्यांत सापडलं. ती त्यानं तुपाच्या बरणीचं झाकण उचकटते आणि म्हणते, बंड्यानं फार कामाची वस्तू पाठवली.

लांब पातं आधी, बूच आणि काच यांच्या फटीत. मग आखूड. मग खाली दाबायचं नाही, नुसतं झुलवायचं, एकदा या बाजूला, एकदा त्या. पाळण्याच्या दोरीसारखं. दोन्ही पाती बुडेपर्यंत मी श्वास घेतला की नाही माहीत नाही. मग पिळत पिळत वर. बूच अख्खं आलं, बंड्या. खालचं टोक जांभळट काळं, आणि एका बाजूनं वाइन जवळजवळ वरपर्यंत चढलेली, आणखी जरा चढली असती तर बाहेर आली असती. ते बूच मी तुझ्यासाठी ठेवलंय. होस्टेलच्या भिंतीवर बाटलीच्या बुडाखाली बूट धरून आपटणारा तू, आणि नंतर पोरांना हॉटेलात ‘बाटली फोडली नाही, उघडली म्हणा’ असं शिकवणाराही तूच. तो बूट अजून डोळ्यांसमोर येतो. आणि भिंतीवरचा तो डाग, ज्याचे पैसे मी भरले.

गाळायचं काम पणतीवर केलं. दिवाळीच्या पणत्या ओसरीवर होत्याच. एक पणती बाटलीच्या मानेमागे ठेवली आणि सरबताच्या काचेच्या जगात एकाच धारेनं ओतत गेलो. मध्ये थांबायचं नाही, बाटली परत सरळ करायची नाही, नाहीतर गाळ उसळतो. ज्योतीपुढून वाइन जाताना कडेला विटकरी, मध्ये डाळिंबी. मग खांद्याशी काळा धागा दिसला, धुरासारखा, आणि मी थांबलो. साडेसातशेपैकी सहाशेच्या आसपास निघाली असेल. उरलेला चिखल आईनं तुळशीला घालू दिला नाही, जास्वंदीला घातला.

यजमानानं आधी आपल्या ग्लासात दोन घोट घेऊन बघायचं, मग पाहुण्यांना. मी घेतली, ग्लास नाकाशी नेला, आणि ओल्या बारदानाचा वास आला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा. मला वाटलं संपलं. बुचातलं ते दूषण, ज्यावर काही इलाज नाही, तेच. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि मी ग्लास खाली ठेवला. मग तुझं आठवलं, की बुचाचा खराब वास हवेत गेला तरी जात नाही, उलट वाढतो. नुसता बंदिस्तपणाचा असेल तर पाच-दहा मिनिटांत उडतो. आम्ही सगळे त्या जगाकडे बघत गप्प बसलो. पोरगी मोबाइलवर वेळ लावून बसली. सहा मिनिटांनी परत ग्लास उचलला आणि बारदान गेलेलं. काळी मिरी होती, बंड्या! आपली मिरी. थोडी, मागे, पण होती.

मग वाढली. आधी मोठ्यांना, तिसरा हिस्सा ग्लास, जास्त नाही. ओतून झालं की मनगट जरा वळवायचं म्हणजे थेंब बाहेर ओघळत नाही, शेवटी फडक्यानं तोंड पुसायचं, आणि स्वतःला सगळ्यांत शेवटी. आईनं नको म्हणून हात जोडले. धाकट्यानं घेतली, तुझ्या वहिनीनं घोटभर घेतली, पोरीनं घेतली. अप्पांपुढे मी ग्लास नुसता ठेवला. त्यांनी माळ सदऱ्याच्या आत सारली, ग्लास दोन्ही हातांत धरला, आरतीचं तबक धरतात तसा, आणि नाक घातलं. बराच वेळ. मग म्हणाले, "ही बेदाण्याच्या शेडची दुपार आहे." आणि जरा थांबून, "पश्चिमेच्या ओळींचा माल गेला असेल ह्यात. तिथं ऊन जास्त." ग्लास मला परत दिला. प्यायले नाहीत. डोळे पुसले, पण ते ऑपरेशनमुळेही असेल, मी विचारलं नाही.

चाळीस मिनिटं टिकली. त्यानंतर फळ निघून गेलं आणि आंबटपणा वर आला. जगात अर्धं बोट उरली होती ती मी एकटा बसून प्यायलो, खराब झाल्यावर.

आणि मग तुझ्याशी भांडत बसलो. एप्रिल २०११ चं तेच भांडण. दोन ओळी ठेव म्हणत होतास, फक्त दोन. मी म्हणालो, ज्या वायनरीनं माल उचलणं बंद केलं आणि थकलेल्या पैशांऐवजी बारा बाटल्यांचं खोकं हातात ठेवलं, तिच्यासाठी एक वेलही ठेवणार नाही. तेव्हा सगळ्या तालुक्यात तेच चाललं होतं, लोक वाइनचे वेल उपटून थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावत होते. कर्ज माझ्या नावावर होतं, तुझ्या नाही, हे मी तुला तेव्हा म्हणालो ते म्हणायला नको होतं. तू कात्री शेततळ्यात फेकलीस. त्या थॉमसननं घर उभं केलं, पोरीचं शिक्षण झालं, मी उपटलं ते बरोबरच होतं असं आजही म्हणतो. पण मिरीचा तो वास आला तेव्हा वाटलं, दोन ओळी ठेवायला हव्या होत्या. पश्चिमेच्या. त्या दोन ओळींनी माझं काही दिवाळं निघालं नसतं. चौदा वर्षांनी तुला हे लिहून देतो.

आता खरी गोष्ट. दुसरी बाटली.

बळद गेलं. ती काढली तेव्हा नीट बघितली. वाइनची पातळी मानेतून उतरून खांद्याच्या खाली आलीय, पहिलीपेक्षा बोटभर खाली. आणि पत्र्याच्या कडेला चिकट लागतंय. तिचं बूच पाझरतंय. तू सांग, किती दिवस आहेत तिच्याकडे? मी रात्री उठून हात लावून बघतो. फ्रिजमध्ये ठेवायचा विचार केला, पण तिथली हवा कोरडी आणि सारखी थरथर. पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवू म्हटलं, तर तिथं निर्यातीच्या पेट्यांत सल्फरचे पॅड, त्या वासात ती नको. शेवटी आईनं जागा काढली. रांजणाखाली ओली वाळू असते ना, त्यात आडवी पुरलीय, लेबल भिजू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळून. निफाडची थंडी आता चालू होईल, पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा काळजी नाही. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन तापतं. त्यापुढे मी तिची हमी देऊ शकत नाही.

आणि फेब्रुवारीत तुझी तोडणी. हेच माझं डोकं खातंय. उत्तर गोलार्धात बहुतेक ठिकाणी वाइनची द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास निघतात, आपल्या नाशिकला मात्र फेब्रुवारी-मार्चात, आणि तू ऑस्ट्रेलियात जाऊन बसलास बरोबर तिथं, जिथला हंगामही फेब्रुवारी-मार्चचा. म्हणजे आपल्या दोघांना एकाच वेळी सवड कधी नाहीच. दरवर्षी तू म्हणतोस हंगाम झाला की येतो, आणि हंगाम होतो तेव्हा इथं मे असतो, आणि तू उन्हाला घाबरून येत नाहीस. हे असं सहा वर्षं.

तेव्हा जानेवारीत ये. संक्रांतीच्या आगेमागे, आठ दिवस. माझी तोडणी तेव्हा नुकती सुरू होत असेल, ती धाकटा बघेल, त्याच्याशी बोललोय. नसेलच जमत तर स्पष्ट लिही, मी ती उघडेन आणि तुला व्हिडिओवर दाखवेन, पण मला तसं करायचं नाही. वास व्हिडिओत येत नाही.

वहिनीला नमस्कार. तिच्या आईचं ऑपरेशन नीट झालं असेल. छोटीची बारावी ना यंदा तिकडची? तिला म्हणावं काकानं तुझ्या बाबाच्या बुटाची गोष्ट अजून सांगितलेली नाही, इथं आली की सांगेन. घराच्या हप्त्यांचं तू लिहिलं होतंस त्यावर नंतर सविस्तर बोलू, घाबरू नकोस.

येताना तुझं ते मळसूत्र आणू नकोस, ‘अ-सो’ आईच्या डब्यात आहे. तारीख कळव. बाटली दोन दिवस आधी उभी करायची आहे.

तुझा,
भावड्या